खान्देशाला विद्यापीठ कशासाठी हवे

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाबद्दल अलीकडे एक युक्तिवाद वारंवार कानावर येतो. तो असा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने महाविद्यालयांची संलग्नता पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचे ठरवले आहे. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयासारखी मोठी महाविद्यालये स्वायत्त झाली. वैद्यकीय शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे, शेतीचे राहुरीकडे, आणि अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची वाट धरली. उरली ती कला, वाणिज्य, विज्ञान शाखांची महाविद्यालये. उद्या त्यांतलीही चांगली असतील ती सुटी होतील. मग जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खान्देशातल्या तीन जिल्ह्यांसाठी वेगळे विद्यापीठ, वेगळा कुलगुरू, वेगळे परीक्षा भवन हा डोलारा कशाला? एखादे उपकेंद्र ठेवावे, बाकीचे पुण्याकडे किंवा ऑनलाइन शिक्षणाकडे सोपवावे आणि वाचलेला पैसा कोरडवाहू शेतकऱ्याच्या पाण्यावर खर्च करावा. बोलणारे बहुतेक जण खान्देशाचे हितचिंतक असतात आणि त्यांच्या तोंडी हा विचार व्यवहारी वाटतो. तो मुळातच चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे, आणि तो चुकतो नेमका पाण्यापाशीच.

आधी त्यांच्या बाजूचे खरे ते मान्य करू. विद्यापीठाचा बराच काळ आणि बरीच शक्ती वेळापत्रके, प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका, पुनर्मूल्यांकन आणि संलग्नता समित्या यांत खर्च होते. सर्वसामान्य पालकाचा विद्यापीठाशी संबंध येतो तो निकाल लांबला की, किंवा गुणपत्रिकेत नाव चुकले की. विद्यापीठाच्या कामगिरीचा हिशेब मांडतानाही महाविद्यालये किती, विद्यार्थी किती, पदव्या किती हेच आकडे पुढे केले जातात. जो आपली किंमत अशा आकड्यांत सांगतो, त्याची किंमत आकडे उतरले की उतरणारच. टीकाकारांनी ही मोजपट्टी शोधून काढलेली नाही. व्यवस्थेनेच ती त्यांच्या हाती दिली. पण परीक्षा घेणे हे विद्यापीठाचे एक काम आहे आणि तेही सर्वांत कमी मोलाचे. हे काम कमी होत असेल तर विद्यापीठ मोकळे होते, निरुपयोगी होत नाही. प्रश्न एवढाच, की मोकळे होऊन त्याने करायचे काय.

हे उत्तर शोधताना 1990 च्या आधीचा खान्देश आठवावा लागतो. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय दोन्ही 1945 ची. तेव्हा ती मुंबई विद्यापीठाखाली होती. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि पुढची जवळपास चार दशके खान्देश पुण्याला जोडलेला राहिला. जळगावहून पुणे सुमारे चारशे किलोमीटर. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याहून त्याहूनही लांब. 15 ऑगस्ट 1990 ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, गिरणेपलीकडे बांभोरीजवळच्या उघड्या, खडकाळ टेकड्यांवर त्याला साडेसहाशे एकरांच्या आसपास जागा मिळाली, आणि पहिले कुलगुरू म्हणून डॉ. नि. कृ. ठाकरे हे गणितज्ञ आले. 1994 मध्ये परिसरातच रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था सुरू झाली. नुसते परीक्षा मंडळ हवे असते तर या कशाचीच गरज नव्हती.

अंतराचा मुद्दा आता जुना झाला, रस्ते झाले, मोबाइल आले, असे सांगितले जाते. ज्यांच्या घरात पुण्यातल्या खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे भरण्याची ऐपत आहे, त्यांच्यापुरते ते खरे आहे. ती मुले 1990 च्या आधीही जात होती आणि आजही जातात. पण 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे 64 टक्के, राज्यात सर्वांत कमी. आणि त्या जिल्ह्यातली साधारण 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. तिथली जी मुलगी बी.एस्सी. होते, तिच्यासाठी एम.एस्सी. जळगावला असणे आणि पुण्याला असणे यांत घरच्यांच्या होकार-नकाराचा फरक असतो. हातात मोबाइल आहे म्हणून रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक होत नाही. पुण्याच्या पदवीला बाजारात जास्त भाव आहे हे कुणी नाकारत नाही. पण जी मुले पुण्यापर्यंत पोचतच नाहीत, त्यांना त्या भावाचा उपयोग काय? एवढ्या एका कारणासाठीसुद्धा विद्यापीठ हवे. तरीही मी माझा सगळा भार या कारणावर टाकत नाही, कारण याला वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या हा पर्याय सुचवता येतो. खरे कारण वेगळे आहे.

खान्देशाबद्दलचे ज्ञान आजवर कुणी जमवले, ते पाहा. या मुलखातल्या नद्या, माती, पिके, जाती-जमाती, बाजार यांची पहिली सविस्तर नोंद 1880 च्या सरकारी गॅझेटियरमध्ये आहे. ती राज्यकर्त्यांनी महसुलाच्या आणि बंदोबस्ताच्या गरजेतून केली. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झालेल्या विश्वेश्वरय्यांना सुरुवातीलाच खान्देशात पाठवले गेले आणि पांझरेच्या पात्रात पाइपचा सायफन बांधण्याचे काम मिळाले. पुण्यात शिकलेला अभियंता इथे येऊन शिकला आणि पुढे गेला. अहिराणी-खान्देशीची शास्त्रीय नोंद ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात झाली, 1907 च्या खंडात, भिल्ली बोलींच्या जोडीने. या सगळ्या कामांचे ऋण मोठे आहे. पण प्रश्न विचारणारे बाहेरचे होते, उत्तरे बाहेर गेली आणि माणसे बदलली की नोंदी थांबल्या.

या मातीत विद्या रुजत नाही म्हणून असे झाले, असे म्हणण्याची सोय नाही. 1916 मध्ये अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठांच्या देणगीतून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्ववेत्ता 1930 च्या दशकात तिथे संचालक होता आणि घ. रा. मलकानींच्या संपादनाखाली ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक या तालुक्याच्या गावातून निघत होते. धुळ्यात इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे 1926 च्या अखेरीस वारले आणि दहा दिवसांच्या आत, जानेवारी 1927 मध्ये, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांनी गावोगाव फिरून जमवलेली कागदपत्रे त्यामुळे वाचली. पण दोन्ही संस्था दात्यांच्या आणि थोड्या झपाटलेल्या माणसांच्या जिवावर चालल्या. अमळनेरचे ते वैभव पुढे ओसरले. एका पिढीने पेटवलेले काम दुसऱ्या पिढीकडे पगारी, बांधील, कायद्याने उभ्या केलेल्या संस्थेमार्फतच पोचते. खान्देशात अशी सार्वजनिक संस्था 1990 पर्यंत नव्हती.

आता पाण्याकडे येऊ. खान्देश वाळवंट नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, वाघूर अशा नद्यांचा हा प्रदेश आहे आणि तापीकाठची काळी जमीन महाराष्ट्रातल्या उत्तम जमिनींत मोडते. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले धुळे, शिंदखेडा, साक्रीचा पूर्व भाग, अमळनेर, पारोळा हे तालुके वर्षानुवर्षे अवर्षणप्रवण म्हणून नोंदले जातात. धुळे जिल्ह्याच्या पूर्व भागात वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी बरे वर्ष म्हणायचे, आणि तोही चार-सहा जोरदार सरींत पडून नाल्यातून वाहून जातो. इस्रोच्या 2016 च्या नकाशासंग्रहाने महाराष्ट्राची सुमारे 45 टक्के जमीन ऱ्हास होत असलेली धरली आहे. वाळवंट नसलेला मुलूख वाळवंटाकडे सरकत जातो तो असाच. अशा ठिकाणी ज्ञानाशिवाय नुसत्या पैशाने पाणी टिकत नाही, आणि टीकाकारांचा युक्तिवाद इथेच कोसळतो.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धती याचा पुरावा आहे. तीन-चारशे वर्षे चाललेली ही व्यवस्था पुस्तकांत कौतुकाने येते, पण तिची रचना बारकाईने पाहावी अशी आहे. नदीच्या पात्रात दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या. भिजणाऱ्या जमिनीचे साधारण तीन-चार मोठे भाग, तेच फड. एका फडात एका वर्षी एकच पीक: एकात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू-हरभरा, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. शेतकऱ्याची पट्टी एकाच जागी नसते, बहुधा प्रत्येक फडात थोडी थोडी असते. त्यामुळे पाणी कमी असलेल्या वर्षी पंचांनी एखादा फड कोरडा ठेवायचे ठरवले, तरी कुणा एकाचे सगळे शेत मारले जात नाही. तूट सगळ्यांत वाटली जाते. एका फडात एकच पीक असल्यामुळे पाण्याची पाळी सगळ्यांना एकाच वेळी लागते आणि पाटकऱ्याला कुणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडायचे हे तंट्याविना ठरवता येते. राखणीला जागल्या असतो. बंधाऱ्याचा दगड, पिकाचे शास्त्र, जमिनीच्या वाटणीचा कायदा आणि पंचांची नीती या चार गोष्टी इथे एकमेकींत विणलेल्या आहेत. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले आणि बहुतेक फड मोडले. ते का मोडले आणि कुठे तग धरून राहिले, हा प्रश्न एकट्या अभियंत्याला सुटणार नाही, एकट्या कृषितज्ज्ञालाही नाही. त्यासाठी भूगोल, अर्थशास्त्र, कायदा, इतिहास आणि माणसाची बोली जाणणारी माणसे एकाच प्रश्नाभोवती बसवावी लागतात. सर्व विद्याशाखा एका छपराखाली असलेले विद्यापीठ त्यासाठीच असते.

दुसरे उदाहरण अधिक तातडीचे आहे. तापी आणि सातपुडा यांच्यामधल्या यावल-रावेर-चोपडा पट्ट्यात गाळाच्या मातीचा जाड थर आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा, भरड रेतीचा, पाणी वेगाने जिरवणारा पट्टा. या भूजलावर जळगावची केळी उभी राहिली. 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त झालेल्या तालुक्यांत रावेर आणि यावल ही नावे केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत येतात. गंमतीची नव्हे, काळजीची गोष्ट अशी की ठिबक सिंचन देशात सर्वांत आधी आणि सर्वांत जोमाने पसरले त्या भागांत हा पट्टा मोडतो. एकरी पाणी वाचले आणि तरीही पातळी खाली गेली. वाचलेल्या पाण्यावर केळीचे क्षेत्र वाढले का? उतिसंवर्धित रोपांमुळे पिकाचा काळ बदलला, त्याचा परिणाम झाला का? कूपनलिका किती खोल गेल्या आणि खालच्या थरांतले पाणी किती जुने आहे? हे प्रश्न ठिबकच्या नळ्या विकणाऱ्याने विचारावेत अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. त्याचे काम नळी चांगली करण्याचे, आणि ते या जिल्ह्याने जगाला करून दाखवले आहे. शेतकऱ्यानेही ते विचारावेत असे नाही, त्याला यंदाचा बाग जगवायचा आहे. कुणाच्याही नफ्यातोट्याशी बांधील नसलेल्या संस्थेनेच ते विचारायचे असतात.

यावर आक्षेप येतो की हे काम करायला इतर संस्था आहेतच. राहुरीचे कृषी विद्यापीठ आहे, त्याचे जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, धुळ्यात कृषी महाविद्यालय आहे, राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा विहिरींच्या पातळ्या मोजते. आहेत, आणि त्या कामाची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. पण राहुरीची जबाबदारी पश्चिम महाराष्ट्रासह दहा जिल्ह्यांवर पसरलेली आहे आणि तिचा विषय पीक आहे. भूजल यंत्रणा शासनाचा भाग आहे. शासनाच्या योजनेचे मूल्यमापन शासनाच्याच खात्याने करावे आणि ते अंतिम मानावे, हे कुठल्याही योजनेच्या हिताचे नाही. शिरपूर पॅटर्नवर झालेला वाद आठवा. तिथले राजकीय नेते अमरीशभाई पटेल यांच्या पाठिंब्याने भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून साखळी बंधारे बांधले. शेकडो गावांनी ते पाहिले. मग इतर ठिकाणी तीच नक्कल करावी का, खोलीकरणाने भूजलाचे थर उघडे पडतात का, यावर राज्यभर खडाजंगी झाली. एका बाजूला बांधणाऱ्यांचा अनुभव होता, दुसऱ्या बाजूला शासकीय तज्ज्ञांची मते. दोन्ही बाजूंना मान्य करावी लागेल अशी, ठरावीक विहिरींची पंधरा-वीस वर्षांची स्वतंत्र, खुली नोंद या वादाच्या मध्यभागी असायला हवी होती. शिरपूरपासून बांभोरीचा परिसर दोन तासांच्या आत गाठता येतो. ते काम या विद्यापीठाचे होते, आणि ते पुण्याच्या उपकेंद्राला कधीच सुचले नसते.

मग संशोधन संस्था काढा, विद्यापीठ कशाला, असेही कुणी म्हणेल. जोधपूरला 1959 पासून केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आहे, तिने वाळूचे ढिगारे थोपवण्यापासून बाजरीपर्यंत मोलाचे काम केले. तशी एक धुळ्याला झाली तर स्वागतच आहे. पण विद्यापीठाकडे जे आहे ते अशा संस्थेकडे नसते: विद्यार्थी आणि महाविद्यालये. ज्या संलग्न महाविद्यालयांना टीकाकार ओझे म्हणतात, ती धडगावपासून मुक्ताईनगरपर्यंत, साक्रीपासून चाळीसगावपर्यंत जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातल्या दहा विहिरी मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये मोजल्या, गावातला पाऊस रोज टिपला, पिकाखालचे क्षेत्र नोंदवले, आणि भूगोल-भूशास्त्र-संख्याशास्त्राच्या पदवीचा तो सक्तीचा भाग झाला, तर दहा वर्षांत खान्देशाकडे देशातल्या कुठल्याही प्रदेशाकडे नसेल अशी नोंदवही तयार होईल. त्यासाठी परदेशी यंत्रे लागत नाहीत. दोर, मोजपट्टी, पर्जन्यमापक आणि नोंद तपासणारा प्राध्यापक लागतो. संलग्नता प्रशासकीय अर्थाने गेली तरी हे नाते राहू शकते, आणि राहिले पाहिजे.

अशा नोंदींचा उपयोग पुस्तकापुरता राहत नाही. केळीचा हवामानावर आधारित पीक विमा घ्या. लागवड मृगबागेच्या हंगामातली असो की कांदेबागेच्या, मे महिन्यात तापमान ठरावीक अंशांच्या वर सलग काही दिवस गेले, किंवा थंडीत ठरावीक पातळीखाली आले, तर भरपाई मिळते. हे मोजले जाते महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर. केंद्र मंडळाच्या एका टोकाला, बाग दुसऱ्या टोकाला. केंद्राभोवतीची जागा कशी आहे, झाडाच्या सावलीत आहे की सिमेंटच्या छपराशेजारी, यावर अंश-दीड अंशाचा फरक पडू शकतो, आणि त्या अंशावर हजारो शेतकऱ्यांची भरपाई ठरते. वाद झाला की शेतकरी एका बाजूला, विमा कंपनी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये तिसरा आकडाच नसतो. तो तिसरा आकडा महाविद्यालयाच्या छपरावरून येऊ शकतो. केळीवर हरण्या रोग पसरला तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता, की तो कुठून कुठे, कोणत्या पावसात, कोणत्या शेजारपिकातून सरकला. प्रदेशाची सलग नोंद असली तरच अशा प्रश्नाचे उत्तर पुढच्या हंगामाआधी देता येते.

सर्वांत गंभीर आक्षेप निराळा आहे, आणि तो विद्वानांकडून येतो. विद्यापीठ म्हणजे विश्वाचे ज्ञान. त्याला तालुक्याच्या विहिरींत डांबले तर ते जिल्हा परिषदेचे एखादे खाते होऊन बसेल, आणि खान्देशातल्या मुलांना पुन्हा दुय्यम दर्जाचेच शिक्षण मिळेल. ही भीती मी हलक्यात घेत नाही. भौतिकशास्त्र, गणित, तत्त्वज्ञान हे विषय तिथे पूर्ण ताकदीने शिकवले गेलेच पाहिजेत. पण स्थानिक प्रश्न माणसाला कोते करतो हे गृहीतक इतिहासाला धरून नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे उदाहरण घ्या. टूसॉन या वाळवंटी गावात 1885 मध्ये विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा ॲरिझोनाला राज्याचा दर्जाही नव्हता. तो 1912 मध्ये मिळाला. ॲरिझोनातच ए. ई. डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावरच्या डागांचा आणि त्या कोरड्या मुलखातल्या पावसाचा संबंध शोधायला झाडांच्या खोडातली वर्तुळे मोजायला सुरुवात केली. पावसाचे वर्ष रुंद वर्तुळ सोडते, दुष्काळाचे अरुंद. हवामान इतके कोरडे, की प्रत्येक दुष्काळ लाकडात उमटलेला. 1929 मध्ये एका जुन्या घराच्या जळक्या तुळईने जिवंत झाडांची मालिका आणि प्राचीन वस्त्यांतल्या लाकडांची मालिका एकमेकींना जोडली आणि त्या वस्त्यांची वर्षे नक्की सांगता आली. 1937 मध्ये विद्यापीठात त्याची प्रयोगशाळा झाली. पुढे जगभरातल्या पुरातत्त्वज्ञांना कार्बन पद्धतीने काढलेली वर्षे दुरुस्त करायला झाडांच्या वर्तुळांचाच आधार लागला. हे सारे शास्त्र आपल्याच मुलखातल्या पावसाच्या चढउताराचा माग काढताना निघाले. पावसाळी प्रदेशातल्या श्रीमंत विद्यापीठाला ते सुचण्याचे कारणच नव्हते. ज्याचा प्रश्न त्याच्या दारात आहे, त्याने तो सोडून दुसऱ्याच्या दारातले प्रश्न उसने घेतले तर तो कायम दुसऱ्याच क्रमांकावर राहणार. रँकिंगच्या शर्यतीत बांभोरीने बंगळुरूची नक्कल करणे हा दुय्यमपणाचा राजमार्ग आहे.

रोजगाराचा प्रश्नही याच वाटेवर आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, त्याच तालुक्यात 2013 पासून महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. ज्या उन्हाने आणि वाऱ्याने पिके वाळतात, त्यातून वीज निघते आणि ती राज्याला जाते. पण या प्रकल्पांखाली गेलेली माळराने, तिथली चराई, पॅनेल धुवायला लागणारे पाणी, काम संपल्यावर उरणारा कचरा आणि या सगळ्याची देखभाल करणारी कुशल माणसे हे अभ्यासक्रमाचे विषय आहेत. जळगावच्या डाळमिला, प्लॅस्टिकच्या चटया आणि पाइप, नंदुरबारची मिरची यांच्याबद्दलही हेच म्हणता येईल.

आता पैशाबद्दल. विद्यापीठावरचा खर्च वाचवून तो पाण्याकडे वळवावा, ही सूचना ऐकायला सत्पात्री दानासारखी वाटते. पण राज्याने पाण्यावर कमी पैसा खर्च केला म्हणून खान्देश कोरडा राहिला, असे नाही. तापीवरचा पाडळसे प्रकल्प दोन दशकांहून अधिक काळ अपुरा रेंगाळला, त्याची किंमत वाढत गेली आणि अमळनेरकरांनी त्यासाठी आंदोलने केली. कुठे, कशासाठी, कोणत्या क्रमाने खर्च करायचा हे सांगणारे आणि झालेल्या खर्चाचा जाब मागणारे स्वतंत्र ज्ञान नसेल, तर विद्यापीठाचे वाचवलेले चार पैसेही त्याच वाटेने जातील. उलट विद्यापीठावर सध्या जो खर्च होतो, तो चुकीच्या जागी कमी होतो आहे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि शिकवण्याचे काम तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर सोपवले जाते. त्यांना तासाचे मानधन मिळते, मार्चमध्ये काम संपते, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. पाण्याची पातळी वीस वर्षे मोजायची आहे, आणि मोजणाऱ्याला पुढच्या जूनचा भरवसा नाही. संशोधनाच्या दर्जाबद्दल तक्रार करणाऱ्यांनी ही तक्रार आधी करावी. विद्यापीठ बंद करा म्हणणारे आणि जागा न भरणारे, दोघे मिळून एकच परिणाम घडवतात.

राहिला धुळ्याचा आणि नंदुरबारचा रोष. विद्यापीठ जळगावचे झाले, आम्हाला नाव आणि फॉर्म भरण्याची खिडकी मिळाली, ही भावना तिथे खोल आहे आणि ती रास्त आहे. फड पद्धती पांझरेवर, राजवाड्यांचे कागद धुळ्यात, सौर आणि पवन ऊर्जा साक्रीत, सातपुड्यातली पावरी-भिल्ली बोलणारी गावे नंदुरबारात. आणि विभाग, प्रयोगशाळा, अधिकार मंडळे गिरणेकाठी. विद्यापीठाची आदिवासी अकादमी नंदुरबारला आहे, अमळनेरच्या तत्त्वज्ञान केंद्राशी आणि धुळ्याशीही त्याचे संबंध आहेत, पण पूर्ण पगाराचे प्राध्यापक, पीएच.डी.चे मार्गदर्शक आणि स्वतःचा अर्थसंकल्प असलेले विभाग तिथे गेल्याशिवाय हा रोष कमी होणार नाही. पाणी आणि सिंचन व्यवस्थापनाचा विभाग धुळ्याला असावा, राजवाडे मंडळाच्या सहकार्याने इतिहासाचे संशोधन तिथेच व्हावे. भाषाविज्ञानाचा विभाग नंदुरबारला असावा, कारण कुपोषणावरचा सल्ला पावरीत कसा सांगायचा, पाचवीच्या मुलाला मराठीतून शिकवताना त्याच्या बोलीतून कुठून कुठवर जायचे, हे प्रश्न तिथे रोज उभे राहतात. 2018 मध्ये विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले गेले. शाळेत न गेलेल्या आसोद्याच्या त्या शेतकरी बाईने आपल्या बोलीत जे रचले, ते तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, लिहून ठेवले म्हणून 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने छापले गेले. तशाच कितीतरी बायांचे आणि पुरुषांचे पावसाचे, बियाण्याचे, विहिरीचे ज्ञान आज खान्देशात तोंडी आहे. ते लिहून घ्यायला माणूस नेमायचा असेल, तर नेमणुकीची जाहिरात विद्यापीठालाच काढावी लागेल, आणि त्या जागेचा पगार राज्याला मंजूर करावा लागेल.